आठ जाळ्या आणि माझा डबा

११ जानेवारी, सकाळचे साडेदहा. रक्कम अठरा हजार रुपये. हजर चौघे: दिग्रसमधल्या एका कापूस जिनिंगचे मालक, ज्यांना आम्ही सगळे शेठजी म्हणतो, त्यांचे मुनीमजी, फाटकावरचे पहारेकरी काका, आणि मी, त्याच जिनिंगवर पहारेकऱ्यांचा सुपरवायझर. शेठजींच्या खोलीत खुर्च्या चार होत्या. काका बसले नाहीत, म्हणून मीही बसलो नाही. शेठजींना त्याचे काही वाटले नाही.

अठरा हजारांचा हिशेब मुनीमजींनी मांडला तो असा. दोन दिवसांपूर्वी आवारातल्या कापसाच्या गंजीला आग लागली. जळालेला आणि खराब झालेला कापूस पावणेआठ क्विंटल, भाव सात हजार. नुकसान चौपन्न हजार. वरचे अडीचशे त्यांनी मोठ्या मनाने सोडले. त्यातला तिसरा हिस्सा काकांकडून घ्यायचा, कारण सायलेन्सरला जाळी न लावलेला ट्रॅक्टर त्यांनी आत सोडला होता. काकांचा पगार नऊ हजार. त्यातून महिन्याला तीन हजार, असे सहा महिने कापायचे. मान्य नसेल तर महिनाअखेर नोकरी सोडायची आणि फाटकामागची खोली रिकामी करायची.

त्या खोलीत काका आणि काकू अकरा वर्षे राहतात. तांड्यावरचे घर भावांच्या वाटणीत गेले. काका छप्पन्न वर्षांचे आहेत. या वयात खोलीसकट दुसरी नोकरी त्यांना कोणी देणार नाही. हे तिथे हजर असलेल्या चौघांनाही ठाऊक होते.

म्हणून मी बोललो. "शेठजी, फाटक माझ्या हाताखाली येतं. जबाबदारी माझी."

हे वाक्य मी फौजेत अनेकदा ऐकले आहे, दोनदा स्वतः म्हटलेही आहे. तिथे त्याचा एक ठरलेला परिणाम होतो. समोरचा साहेब तुमच्याकडे क्षणभर बघतो, दोन कडक शब्द सुनावतो, आणि प्रकरण तिथेच मिटते. खालच्या माणसाला कोणी हात लावत नाही, आणि पुढे महिनाभर तो तुमच्यासाठी जीव टाकायला तयार असतो.

शेठजींनी मान हलवली. शेठजी कधी आवाज चढवत नाहीत, हीच त्यांच्याशी बोलण्यातली अडचण आहे. ते मुनीमजींना म्हणाले, "बरं झालं, सोपं झालं. मग यांच्या पगारातून घ्या."

मुनीमजींनी काकांचे नाव खोडले आणि तिथे माझे लिहिले. माझा पगार सोळा हजार. मी काकांकडे पाहिले. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

घरी सांगितले तेव्हा बायको पोळी लाटत होती. तिने ती लाटून तव्यावर टाकली आणि मग विचारले, "फौजेत जबाबदारी घेतली तर किती कापत होते?"

मी म्हटले, काही कापत नव्हते.

"तेच. तिथं फुकट होती म्हणून सवय लागली तुम्हाला."

मी फौजेत चोवीस वर्षे होतो, त्यातली सतरा रेशनच्या कोठारात. हवालदार म्हणून बाहेर पडलो. इथे सगळे मला मेजर म्हणतात. पहिले वर्षभर मी प्रत्येकाला दुरुस्त केले, नंतर सोडून दिले. लोक विचारतात, सीमेवर किती जणांना उडवले. आयुष्यात मी सर्वांत जास्त काही हाताळले असेल तर ते पीठ, तूरडाळ आणि रॉकेल. पण हे सांगितले की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून आता मी नुसता हसतो.

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फौजी नेतृत्वावर काहीतरी येते. पाठवणाऱ्यांपैकी एकही जण रेशनच्या दुकानापुढे रांगेत नीट उभा राहत नाही. खाली हात जोडल्याची चित्रे असतात. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी आली की कोणत्या ना कोणत्या शाळेचे किंवा मंडळाचे बोलावणे येते: मेजरसाहेब, नेतृत्वावर दोन शब्द. चार वर्षांत मी अशी अकरा भाषणे केली आहेत. अकराही ठिकाणी एकच गोष्ट सांगितली, कारण माझ्याकडे सांगण्यासारखी तेवढीच आहे.

ती अशी. बर्फातल्या एका चौकीवर आम्ही अडतीस जण होतो. मी मोजून अडतीस जणांचा स्वयंपाक करवून घेतला होता. संध्याकाळी वाट चुकलेली तिघांची एक गस्त वर आली. एकेचाळीस झाले. आमच्या चौकीवरचे सुभेदारसाहेब नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे उभे होते. सगळी पोरे जेवली, आलेले तिघे जेवले, आणि शेवटी सुभेदारसाहेब, आचारी आणि मी असे तिघे उरलो, तेव्हा पातेल्यात काहीच नव्हते. साहेबांनी एक कांदा फोडला, त्याचे तीन वाटे केले, मीठ मागितले. एवढेच. त्यानंतर सात वर्षे मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांनी सांगितलेले एकही काम मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

भाषणात मी शेवटी म्हणायचो, "जो पुढारी असतो तो शेवटी जेवतो." टाळ्या पडायच्या. शाल, नारळ, पाकीट. शाली आता नऊ झाल्या आहेत. एक पिठाच्या डब्यावर आहे, एक गॅस सिलिंडरवर.

जिनिंगवर लागलो त्या पहिल्या दिवसापासून मी हे पाळले. दिवसपाळीला माझ्या हाताखाली पाच पहारेकरी. सकाळी पावणेसातला मी त्यांची गिनती घेतो. त्यांनी तिला "शाळा" असे नाव ठेवले आहे, हे मला माहीत आहे. दुपारी एक वाजता फाटक अर्धा तास बंद होते. पाचही जण कडुनिंबाखाली बारदान अंथरून डबे उघडतात. मी त्या वेळी हात मागे बांधून केबिनपाशी उभा राहायचो. त्यांचे झाले, फाटक उघडले, सगळे आपापल्या जागी गेले की केबिनमध्ये जाऊन डबा उघडायचो. तीन हंगाम, एक दिवस न चुकता. मला वाटत होते, हे त्यांच्या लक्षात येत असेल. ते आलेही होते, पण मला वाटले तसे नाही.

आता आगीचे सांगतो. कापसाच्या आवारात ट्रॅक्टर यायचा तर त्याच्या सायलेन्सरच्या तोंडाला तारेची जाळी बांधावी लागते, नाहीतर धुराबरोबर ठिणगी उडते. जाळ्या आमच्याच असतात. फाटकावर बांधायच्या, गाडी खाली होऊन बाहेर पडताना सोडून घ्यायच्या. ९ जानेवारीला दुपारी दीडला फाटक उघडले तेव्हा बाहेर चौदा ट्रॅक्टर उभे होते आणि कापूस आणणारे सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. वीस मिनिटांत पूर्वेच्या गंजीतून धूर निघाला.

सगळ्यांत आधी धावले ते काकाच. दाताळ घेऊन ते गंजीवर चढले आणि पेटलेला कापूस ओढून खाली फेकू लागले. बाकीच्यांनी वाळू, ओले बारदान, बादल्या आणल्या. मी पाण्याच्या टाकीवरचा आगीचा पंप चालू करायला धावलो. बटण दाबले, मोटर नुसती गुणगुणली. तीनदा दाबले, तीनदा गुणगुणली. टाकी काठोकाठ भरलेली आणि पाइपातून थेंब नाही. पस्तीस मिनिटांनी आग विझली ती बादल्यांनी. कोणाला इजा झाली नाही. काकांच्या उजव्या हातावरचे केस तेवढे जळले. पंप चालला असता तर पाच मिनिटांचे काम होते.

आणि दोन दिवसांनी तो अठरा हजारांचा कागद.

११ तारखेनंतर मी वाट पाहत होतो. कशाची, ते स्पष्टच सांगतो: कोणीतरी येऊन दोन शब्द बोलेल याची. मला उपकार फेडून घ्यायचे नव्हते, पण सोळा हजारांतले तीन हजार सहा महिने जाणार होते, माझ्या मुलीच्या कॉलेजची फी फेब्रुवारीत भरायची होती, आणि ज्याच्यासाठी हे चालले होते तो माणूस सकाळच्या गिनतीला "हजर" यापलीकडे एक अक्षर बोलत नव्हता. बाकीचे चौघेही तसेच. मी केबिनजवळ आलो की कडुनिंबाखालचे बोलणे बंद व्हायचे. फौजेत असे कधी झाले नव्हते. मला राग आला. आठ दिवस तो राग मी डब्याबरोबर घरी नेला आणि परत आणला, तेव्हा बायको म्हणाली की एकतर जाऊन विचारा, नाहीतर मला तरी रोज सांगू नका.

१९ तारखेला दुपारी पाळी संपल्यावर मी फाटकामागच्या खोलीत गेलो. काका खाटेवर बसले होते, मला पाहून उठले. काकूंनी चहा ठेवला. मी इकडचे तिकडचे बोललो. चहा झाला, कप खाली ठेवला, तेव्हा काकूच बोलल्या. पाठ चुलीकडे, तोंड माझ्याकडे नाही.

"चहा चालते साहेबाले. भाकर तेवढी चालत नाही."

काका म्हणाले, "गप वं."

"काहून गप? तुमीच रोज सांगता ना मले."

मला काही कळेना. मी म्हटले, कोणती भाकर, मला कोणी दिली आणि मी नाही म्हटले असे कधी झाले. काकांनी काकूंना हाताने थांबवले. मग म्हणाले, "मेजर, राग नोका धरू. आमी पाच जण पाच जातीचे. एका बारदानावर बसतो. याची भाजी त्याले, त्याची चटणी याले. तुमी हात बांधून पाह्यता. आमचं झालं, आमी उठलो, जागा झाडली का मंग तुमचा डबा उघडते, थोही दार लावून. तीन वर्षं झाली. आमाले काय समजाचं?"

मी सुभेदारसाहेबांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. अकरा ठिकाणी सांगितलेली गोष्ट. कांद्यापर्यंत आलो आणि माझे मलाच ऐकू येऊ लागले.

त्या चौकीवर पातेले एक होते. मागून जेवणाऱ्याच्या वाट्याला कमी येणार हे नक्की होते, म्हणून मागे उभे राहण्याला काही किंमत होती. जिनिंगवर प्रत्येकाचा डबा वेगळा. माझा डबा मी शेवटी खाल्ला काय किंवा आधी खाल्ला काय, कोणाच्या पानात एक घासही वाढत नव्हता. मी काहीच सोडत नव्हतो. फक्त त्यांच्याबरोबर बसत नव्हतो. आणि आमच्या भागात एखादा माणूस दुसऱ्यांबरोबर जेवायला बसत नाही याचा अर्थ काय होतो, हे सांगायला कोणाला शाळेत जावे लागत नाही. माझे आडनाव सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आजोबांच्या काळात आमच्या घरी कोणाला कुठे बसवत, हेही गावातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. चोवीस वर्षे एका लंगरात जेवून मी ते विसरलो होतो. त्यांनी का विसरावे?

मी एवढेच म्हणालो की माझ्या मनात तसे नव्हते.

काका म्हणाले, "असन. पण मनातलं आमाले कसं दिसन?"

मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारले. त्या दिवशी जाळी का बांधली नाही?

काकांनी सरळ सांगितले. जाळ्या आठ. त्यातल्या पाच फाटलेल्या, तारेने शिवून चालवत होते. त्या दुपारी तीन जाळ्या आत गेलेल्या गाड्यांवर होत्या, बाहेर चौदा ट्रॅक्टर. फाटक्या पाच बांधल्या, सहाव्याला उरली नाही. हॉर्न वाजत होते. सोडला. "माही चूक झाली. मी नाही म्हणत नाही."

मला कोणी सांगितले का नाही, की जाळ्या कमी आहेत?

"दिवाळीपासून बोलून राह्यलो. रोज तेच बोलतो आमी. अन् पंप बंद आहे, हेबी."

कोणाशी बोलता?

"जेवताना," काका म्हणाले. "आपसात."

पंप बंद आहे हे पाचही जणांना आगीच्या आधी तीन आठवडे माहीत होते. बटण तीनदा दाबणारा मी एकटाच होतो. फौजेत मी माचिसच्या काड्यांच्या पेट्या मोजून देत असे. इथे रोज पावणेसातला पाच माणसे मोजत होतो, जी कुठे जाणारही नव्हती, आणि फाटकावर खिळ्याला टांगलेल्या आठ जाळ्या तीन हंगामांत एकदाही मोजल्या नव्हत्या. जाळ्या माझ्या ताब्यातल्या वस्तू. नेमणुकीच्या कागदावर तसे लिहिलेले आहे, माझ्या सहीसह.

११ तारखेला मी म्हटले होते, जबाबदारी माझी. मी ते मोठेपणाने म्हटले होते. ते अक्षरशः खरे निघाले, याचा मला जास्त वैताग आला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी डबा घेऊन कडुनिंबाखाली गेलो. बारदानावर जागा झाली, पण बोलणे थांबले. पाच जण आणि मी, अर्धा तास, फक्त चावण्याचा आवाज. मी माझी मेथीची भाजी पुढे केली. एकाने थोडी घेतली, दुसऱ्याने पोट भरले म्हणून हात हलवला. त्यापेक्षा ती बर्फातली चौकी बरी होती. तिसऱ्या दिवशी काकांनी न विचारता माझ्या डब्यात ठेचा टाकला. तो इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आले, आणि पाचांतला सगळ्यांत लहान, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "मेजर, मोजून घास घ्या." सगळे हसले. त्यानंतर त्यांची तक्रार सुरू झाली ती अर्धा तास संपेपर्यंत थांबली नाही. गिनती कायले पाह्यजे. पावसाळी कोट दोनच आहेत, माणसे पाच. मागच्या कुंपणाला भोक आहे, तिथून कुत्री येतात. मुनीमजींची मोटरसायकल कोण पुसते आणि काहून पुसते. यातले मला काहीच माहीत नव्हते. मी पेन काढले तर एक जण म्हणाला, आता लिहू नका, जेवा.

२६ जानेवारीला एका शाळेत भाषण आधीच ठरलेले होते. झेंडा झाला, मी उभा राहिलो, चौकीपर्यंत आलो, एकेचाळीस माणसे मोजली, कांदा फोडला. पुढचे वाक्य तोंडातून निघेना. मी म्हणालो की सुभेदारसाहेब शेवटी जेवायचे कारण पातेले एक होते, आणि ज्याला शेवटी जेवायचे असते तो आधी नीट मोजतो. तुमच्याकडे पातेली वेगवेगळी असतील तर सगळ्यांबरोबर बसा. जय हिंद. साडेचार मिनिटांत संपले. टाळ्या पडल्या त्या लवकर संपल्याबद्दल. मुख्याध्यापक शाल घालताना कानाशी म्हणाले, "मेजरसाहेब, ते शेवटी जेवतो वालं छान होतं. ते का काढलं?" दहावी शाल.

जाळ्यांचे मी माझ्याकडे घेतले होते, पण पंपाचे घेणार नव्हतो. ज्या मोटर मिस्त्रींकडे जिनिंगची कामे जातात त्यांच्या दुकानात गेलो. ते वाइंडिंग करत होते. मी विचारताच म्हणाले, "मैंने तो मुनीमजी को कब का बोला. कपॅसिटर गया है, वायर भी बदलना पडेगा, अठराशे पचास होगा. बोले, हंगाम के बाद देखते हैं." कधी सांगितले, ते त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवले होते: १८ डिसेंबर. बावीस दिवस आधी.

आणखी एक गोष्ट केली. आगीतून बाजूला काढलेला कापूस शेडमध्ये पसरलेला होता. मुनीमजींनी तो आग विझवल्यावर लगेच तोलला होता, म्हणजे बादल्यांच्या पाण्यासकट. आता तो वाळला होता. मी दोन हमाल घेऊन पुन्हा तोलला. पाच क्विंटल वीस किलो. अडीच क्विंटल पाण्याला सात हजार रुपये भाव मुनीमजींनी लावला होता, इतका भाव तर बाटलीतल्या पाण्यालाही मिळत नाही.

३१ जानेवारीला, काकांसाठी दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पुन्हा तेच चौघे त्याच खोलीत बसलो. या वेळी काकांनाही मी हाताला धरून बसवले. मी कागद ठेवला. कोरडे वजन पाच क्विंटल वीस, नुकसान छत्तीस हजार चारशे. त्याचा तिसरा हिस्सा, तुमच्याच रीतीने, बारा हजार एकशे तेहतीस. पंप १८ डिसेंबरपासून बंद, मुनीमजींना सांगितलेले होते. जाळ्या आठ, फाटक्या पाच, याची नोंद कोणीच केली नाही आणि ती करणे माझे काम होते.

मुनीमजी म्हणाले की मिस्त्री काहीही सांगतात. मी म्हटले, कॅलेंडर आणू का? त्यांनी आपली वही पुढे ओढली.

शेठजींनी कागद दोनदा वाचला. नेहमीच्याच आवाजात म्हणाले की पंपाची चूक जिनिंगकडे लागते, म्हणून अर्धे सोडतो, राहिले सहा हजार, वरचे सहासष्ट जाऊ द्या. पगारातून असे कापणे कायद्यात बसते की नाही हे मला माहीत आहे आणि शेठजींनाही माहीत आहे. पण हंगाम अर्धा राहिला होता आणि खोली त्यांची होती. "सहा हजार तुमच्याकडून," ते मला म्हणाले. "जबाबदारी तुमची, तुम्हीच बोललात."

मी हो म्हणणार होतो. काका उठून उभे राहिले.

"शेठजी, ट्रॅक्टर मी सोडला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमी त्या दिवशी माह्या नावावर काट मारून स्वतःचं लिवलं. मले कोणी इचारलं नाही. अकरा वर्षं फाटकावर आहो. चूक केली तं ते माह्या हिशेबात पाह्यजे. नाहीतर मी इथं आहो कायले?"

मी म्हटले, काका, जाळ्या माझ्या होत्या.

"मंग तुमचं तुमी भरा. माहं मी भरतो."

शेठजींनी मुनीमजींकडे पाहिले. बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत दोन माणसे पैसे भरण्यावरून भांडत होती. मुनीमजी रेघ मारू लागले. मला फार वैताग आला होता आणि कोणावर काढावा ते कळत नव्हते. इतके दिवस मला वाटत होते की हा माणूस आभार मानत नाही. आभार कशाचे मानायचे? मी त्याची चूक उचलून माझ्या छातीवर पदकासारखी लावली होती, आणि तो मात्र नऊ हजार पगारातूनही स्वतःची चूक स्वतः ठेवू मागत होता.

घरी आल्यावर बायकोने विचारले, आज किती कापले. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, उतरला म्हणजे भाव. आणि उद्यापासून डब्यात दोन पोळ्या जास्त घालू का, असे विचारले, कारण ठेच्याला पोळी जास्त लागते.

शेवटी दिले ते असे. मोटर मिस्त्रींना कपॅसिटर आणि वायरचे एक हजार आठशे पन्नास, शेठजींकडून. बारा नव्या जाळ्या, एकशे चाळीस रुपयांप्रमाणे एक हजार सहाशे ऐंशी, वेल्डिंगवाल्याला, तेही शेठजींकडून. शेठजींना माझ्या पगारातून तीन हजार, दरमहा एक हजार, फेब्रुवारी ते एप्रिल. काकांच्या पगारातून तीन हजार, तसेच, शेठजींना. खोली काकांकडेच राहिली.